थीम पार्कचं पॅकेज : पैसे किती, आणि तास किती?

रमजान ईद झाली की आपल्याकडं घराघरांत एकच विषय सुरू होतो. परीक्षा संपत आलेल्या असतात, मुलांच्या हातात ईदी असते आणि मोबाईलवर कुणीतरी एखादं रंगीत पत्रक पाठवलेलं असतं. 'एक दिवस, थीम पार्क, एसी बस, नाश्ता, जेवण, सोबत गाईड.' मुलं ते पत्रक घेऊन अम्मीच्या मागं लागतात, अम्मी अब्बांकडं बघते आणि अब्बा म्हणतात, "सरांना विचारा." असे पालक आमच्याकडं दरवर्षी येतात. जव्हारच्या बाजारपेठेतले येतात, मोखाड्याचे येतात, खोडाळ्याकडून सुद्धा फोन येतो. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: एवढे पैसे भरण्यासारखं त्यात काही आहे का?

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देऊन भागत नाही. आधी आपण पैसे नेमके कशाचे भरतो ते समजून घ्यायला हवं.

आपल्या भागात 'थीम पार्क' म्हटलं की हल्ली डोळ्यांसमोर येतं ते खोपोलीजवळचं इमॅजिका. आमच्या पिढीचं पार्क म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड. ते १९८९ साली सुरू झालं आणि आमच्यापैकी बहुतेकांनी ते फक्त टीव्हीवरच्या जाहिरातीत पाहिलं. इमॅजिका २०१३ मध्ये खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर उभं राहिलं. त्याच्यावर दीड हजार कोटींहून जास्त खर्च झाला, कर्जाचा बोजा वाढत गेला आणि शेवटी २०२२ मध्ये मालपाणी समूहानं ते ताब्यात घेतलं. ही माहिती आपल्या काय कामाची, असं वाटेल. पण तिकिटाचा सगळा खेळ इथंच आहे. पार्कात पाचशे माणसं आली काय आणि पाच हजार आली काय, वीज, पगार, देखभाल आणि कर्जाचे हप्ते जवळपास तेवढेच राहतात. त्यामुळं गर्दीच्या दिवशी तिकीट चढतं आणि मंगळवार-बुधवारी ओस पडलेल्या दिवशी सवलतीला विकलं जातं. रविवार, जोडून आलेली सुट्टी आणि ईदचा दुसरा-तिसरा दिवस हे सगळे महागडे दिवस. आणि पॅकेजवाल्यांच्या बसा नेमक्या याच दिवशी निघतात, कारण लोकांना सुट्टी तेव्हाच असते.

आता उरुसातला पाळणा आठवा. जव्हारच्या उरुसात किंवा मोखाड्याच्या बोहाड्यात आपण प्रत्येक पाळण्याचे वेगळे पैसे देतो. दोन पाळण्यांत बसलो तर दोनाचे, एकातही नाही बसलो तर फुकट फिरून येतो. अमेरिकेतलं डिस्नेलँड १९५५ साली सुरू झालं तेव्हा तिथंही प्रत्येक पाळण्याला वेगळं कुपन लागायचं. १९८२ मध्ये त्यांनी ती कुपनं बंद केली आणि गेटवर एकच तिकीट ठेवलं. आज आपल्याकडंही तीच रीत आहे. गेटवर एकदा पैसे भरा आणि आत हवं तेवढं बसा. ऐकायला ही सोय वाटते. पण याचा अर्थ असा, की आपण तिथं पाळणे विकत घेत नाही, तास विकत घेतो. जो सकाळी गेट उघडताना आत जातो आणि संध्याकाळी बंद होताना बाहेर पडतो त्याला तिकीट स्वस्त पडतं. जो अकराला पोहोचतो आणि पाचला निघतो त्याला तेच तिकीट दीडपट-दुप्पट महाग पडतं. कागदावर दोघांचे पैसे मात्र सारखेच दिसतात.

पॅकेजचा मामला इथंच अडकतो. जव्हारहून खोपोली म्हणजे वाडा, भिवंडी, कल्याण, पनवेल असा प्रवास. एका बाजूला चार-पाच तास सहज जातात, आणि मोखाड्याच्या आतल्या गावातून निघालं तर आणखी एक तास धरा. बस पहाटे पाचला निघेल असं पत्रकावर लिहिलेलं असतं. पण पन्नास माणसं गोळा होणार, कुणाचं तरी लहान मूल उठलेलं नसणार, वाटेत नाश्त्याला थांबायचं, एकाला उलटी होणार. अकराच्या आधी गेट दिसलं तर नशीब. ड्रायव्हरला रात्री परत यायचं असतं, घाटाचा रस्ता असतो, म्हणून तो पाचला हॉर्न वाजवायला लागतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. थकलेल्या ड्रायव्हरनं मध्यरात्री घाट चढण्यापेक्षा तो पाचला निघालेला कधीही बरा.

थोडं गणित करून बघू. वर्गात करतो तसंच. खालचे आकडे आम्ही 'समजा' म्हणून धरलेले आहेत. तुमच्या हातात जे पत्रक असेल त्यातले आकडे तिथं घाला.

समजा, पॅकेज मोठ्यांना २,८०० आणि लहान मुलांना २,४०० रुपये आहे. घरात अब्बा, अम्मी, चौदा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी. चौदा वर्षांचा मुलगा मोठ्यांतच मोजला जाणार. म्हणजे तीन मोठे, ८,४०० रुपये, आणि एक लहान, २,४००. एकूण १०,८०० रुपये.

आता तेच कुटुंब आडवारी स्वतः गेलं तर? समजा, आधी काढलेलं सवलतीचं तिकीट मोठ्यांना १,३०० आणि लहान मुलीला १,०००. झाले ४,९००. दोन घरांनी मिळून सात सीटची गाडी केली आणि आपल्या वाट्याला ३,५०० आले. आत खाण्यावर माणशी ४०० म्हणजे १,६००. बेरीज १०,०००. फरक फक्त आठशे रुपयांचा! टूरवाला लुटतो असं जे सरसकट म्हटलं जातं ते खरं नाही. त्याला गटाचं तिकीट कमी दरात मिळतं, बसचं भाडं पन्नास जणांत वाटलं जातं आणि त्यातून त्याचा नफा निघतो. निव्वळ रुपयांत पाहिलं तर पॅकेज फार महाग नाही.

पण तासांत पाहा. पॅकेजमधल्या कुटुंबाला अकरा ते पाच, म्हणजे सहा तास मिळाले. ठरलेल्या जागी पन्नास जणांचं जेवण, त्यात एक तास. नमाजला अर्धा तास. राहिले साडेचार. रविवारी मोठ्या पाळण्याला रांगेसकट पाऊण तास धरला तर सहा पाळणे झाले. माणशी २,७०० रुपयांत सहा, म्हणजे एका पाळण्याला साडेचारशे.

आपल्या लोकांकडं तिसरी एक वाट आहे आणि ती कुठल्याच पत्रकावर नसते. जव्हार-मोखाड्यातलं असं मुस्लिम कुटुंब शोधून दाखवा, ज्यांचं भिवंडीत किंवा कल्याणला कुणी नाही. मामू असतील, फुफी असेल, नाहीतर सून तरी तिकडची असेल. रविवारी दुपारी एसटीनं निघा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना आधीपासूनच अर्धं आहे. रात्री फुफीकडं मुक्काम. सकाळी कल्याणहून खोपोली लोकल, पुढं रिक्षा. मोठ्या पाळण्यांवर दहा-साडेदहाला पहिल्या रांगेत. प्रवासाला समजा १,५०० लागले, तर तिकीट आणि खाणं धरून सगळं ८,००० मध्ये होतं. सोमवार असल्यामुळं रांगा छोट्या. साडेआठ तासांतले दीड तास जेवण-नमाजला सोडले तरी सात उरतात आणि पंधरा पाळणे आरामात होतात. माणशी २,००० रुपयांत पंधरा, म्हणजे एकाला १३३ रुपये. (फुफीकडं मिठाईचा डबा न्यावा लागतो, तो हिशोबात धरलेला नाही.)

हे जमण्यासाठी दोन रात्री हाताशी लागतात आणि एक दिवस दुकान बंद ठेवावं लागतं, हेही खरं. किराणा दुकानवाल्याला ते परवडेल, गॅरेजवाल्याला परवडेलच असं नाही.

आता 'सोबत गाईड' या शब्दाकडं येऊ, कारण पॅकेजमध्ये सगळ्यात मोठ्या अक्षरांत तोच छापलेला असतो. गाईड दोन प्रकारचे असतात. अमेरिकेत डिस्नेच्या पार्कांत खास गाईड मिळतो. त्याचे तासाला शेकडो डॉलर असतात आणि कमीत कमी सात तासांसाठी तो घ्यावा लागतो, शिवाय तिकीट वेगळं. पण तो एक काम नक्की करतो, तुम्हाला लांब रांगेतून सोडवतो. म्हणजे तिथं गाईडच्या पैशात वेळ विकत मिळतो. आपल्या पॅकेजमधला गाईड असलं काही करू शकत नाही. तो बसमध्ये माणसं मोजतो, गेटवर तिकिटं वाटतो, जेवणाची कुपनं देतो आणि "साडेचारला गेटवर या" असं सांगून सावलीत बसतो. रांग चुकवायची असेल तर पार्काचं वेगळं महागडं तिकीट काढावं लागतं, ते पॅकेजमध्ये नसतं. आणि पार्कात वाट दाखवायला माणूस लागत नाही. जागोजागी पाट्या असतात, नकाशा असतो, आणि तुमचा चौदा वर्षांचा मुलगा तो नकाशा गाईडपेक्षा लवकर वाचतो.

गाईड जिथं खरोखर लागतो ती जागा आपल्या घराजवळ आहे. मुकणे राजांचा जयविलास राजवाडा माहीतगार माणसाशिवाय पाहिला तर दगडी भिंती आणि जुनं फर्निचर, एवढंच दिसतं. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज जिथं थांबले ती शिरपामाळ, नुसती गेली तर एक उघडी टेकडी आहे. दाभोसा धबधब्याखाली कुठल्या दगडावर पाय ठेवायचा नाही, हे तिथल्या गावकऱ्यालाच ठाऊक असतं. मुंबईचे लोक पावसाळ्यात पॅकेज घेऊन आपल्याच गावी येतात आणि आपली मुलं खोपोलीला जायचं म्हणतात, यात गंमत आहे. मुलांना दोष देण्यासारखं मात्र त्यात काही नाही. रोज बघितलेल्या डोंगराची सहल होत नसते.

मग पॅकेज कुणी घ्यावं? ज्या घरात पुरुष माणूस परदेशी किंवा मुंबईला आहे आणि बाई दोन-तीन मुलांना घेऊन एकटी जाणार आहे, तिच्यासाठी पॅकेजचे पैसे वसूल आहेत. दाराजवळून बस, ओळखीच्या बायका, रात्री उशिरा परत आलं तरी सोबत. सूर्यमाळकडच्या गावांतून संध्याकाळी परत यायला गाडीच मिळत नाही, त्यांच्यासाठीही तेच. लांबच्या सहलीतही, म्हणजे हैदराबादची रामोजी फिल्म सिटी किंवा बंगळुरूचं वंडरला असेल तर, रेल्वेचं आरक्षण, हॉटेल आणि तिथली गाडी एकाच माणसाच्या डोक्यावर टाकता येते. तिथं पॅकेजला अर्थ आहे, कारण तीन-चार दिवसांत एक संध्याकाळ कमी-जास्त झाली तरी चालतं. एका दिवसाच्या सहलीत तेवढी ढील नसते.

आणि कुणी घेऊ नये? ज्यांच्यासोबत दादी-नानी आहे त्यांनी दहा वेळा विचार करावा. रक्तदाब, हृदयविकार, कंबरेचं दुखणं असलेल्यांना आणि गरोदर बायकांना मोठ्या पाळण्यांत बसू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. पॅकेजमध्ये मात्र त्यांचे पूर्ण पैसे लागतात. म्हणजे दादीनं २,८०० रुपये भरून बाकड्यावर बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायच्या. लहान मुलांचंही तसंच आहे. इथं वय नाही, उंची मोजतात. आठ वर्षांची मुलगी उंचीला कमी भरली तर रोलर कोस्टरच्या दारातून परत फिरवतात, मग ती रडते आणि भाऊ एकटा आत जातो. ज्यांची मुलं सहा-सात वर्षांची आहेत त्यांना आम्ही सांगतो, विरार-वज्रेश्वरी रस्त्यावर पारोळजवळ ग्रेट एस्केप वॉटर पार्क आहे, ते आपल्याच जिल्ह्याच्या बाजूला आहे, निम्म्या प्रवासात होतं. लहानांना पाणी पुरतं.

वॉटर पार्कचं एक आधी सांगून ठेवतो. तिथं सुती कपड्यांवर पाण्यात उतरू देत नाहीत. सुताचे धागे गाळणीत अडकतात म्हणून नायलॉन-लायक्राचेच कपडे लागतात. आपल्या मुलींना पूर्ण अंगाचा, डोक्यावर टोपी असलेला पोहण्याचा पोशाख चालतो का, हे फोन करून विचारायचं. तसा पोशाख बाजारात मिळतो, घरून नेलेला बरा. ऐन दारात वाद घालून, मुलगी काठावर बसवून परत आणण्यापेक्षा दोन मिनिटांचा फोन सोपा.

जेवणाचंही तसंच. पॅकेजमध्ये 'व्हेज-नॉनव्हेज' लिहिलेलं असतं. हलाल आहे का, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. सांगितलं तरी आम्ही शाकाहारी जेवणच घ्यायला सांगतो, प्रश्नच मिटतो. घरचा डबा नेऊ म्हणाल तर पार्कात बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, बहुतेक ठिकाणी त्यांची कमाई त्यातूनच होते. लहान बाळाचं दूध-खिमट आणि औषधं सोडतात. सकाळचा नाश्ता मात्र गेटबाहेर बसमध्ये पोटभर करून घ्यावा. अम्मीच्या हातचे पराठे आणि उकडलेली अंडी यांच्यापुढं पॅकेजचे थंड पोहे काहीच नाहीत.

नमाजची चिंता पुष्कळ जण करतात. जव्हार ते खोपोली हे अंतर सफरमध्ये मोडतं, ते ४८ मैलांच्या, म्हणजे ७७ किलोमीटरच्या मर्यादेपेक्षा बरंच जास्त आहे. त्यामुळं कस्र आहे. आपल्या कोकणी घरांत शाफई मसलक आहे, त्यांना सफरमध्ये जोहर आणि असर एकत्र पढता येते. हनफी मंडळी एकत्र करत नाहीत, त्यांनी असरची वेळ बसच्या वेळेशी जुळते का ते पाहावं. बारीक मसला असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारा, आम्ही शाळामास्तर आहोत. शुक्रवारी जायचं टाळलं तर सगळंच सोपं होतं.

आता जे मनात सलतं तेही लिहायला हवं. हीच पॅकेजं शाळांकडंही येतात. टूरवाला येतो, चहा घेतो, 'इतकी मुलं दिली तर इतके शिक्षक फुकट' म्हणतो. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली आहे. २,८०० रुपयांचं पॅकेज म्हणजे एका माणसाची नऊ दिवसांची मजुरी, एका मुलाच्या एका दिवसासाठी. हा तोच तालुका आहे जिथं वावर-वांगणीची मुलं १९९२ साली कुपोषणानं गेली आणि त्यामुळं आपलं नाव देशभर पोचलं. आज दिवस बदललेत, पण वर्गात सहलीचे पैसे मागायला सुरुवात केली की काही मुलं त्या आठवड्यात गैरहजर राहायला लागतात. "सर, मला गाडी लागते" म्हणतात. गाडी लागत नसते. घरी मागायची लाज वाटत असते. त्यात आपली मुलं आहेत आणि आदिवासी पाड्यांवरची मुलंही आहेत. म्हणून शाळेची सहल थीम पार्कला नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. घरच्या घरी ज्याला परवडतं त्यानं जावं. शाळेच्या सहलीला एसटी ५० टक्के सवलतीत मिळते. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून उभं आहे, तिकीट माफक आहे, आणि मुलं तिथंही यंत्रांना हात लावून खेळतात.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याच्या आबेदा इनामदार महाविद्यालयाची सहल मुरूडच्या समुद्रकिनारी गेली होती. चौदा विद्यार्थी बुडाले. त्यांतली बहुतेक आपल्याच घरांतली मुलं-मुली होती. त्यानंतर शिक्षण विभागानं सहलींचे नियम कडक केले. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांचं संमतिपत्र, हे सगळं कागद वाढवण्यासाठी नाही. पन्नास मुलं वेगवेगळ्या रांगांत पांगली, की दोन शिक्षक आणि सावलीत बसलेला एक गाईड कुणाकडं बघणार? खासगी पॅकेजनं शेजाऱ्यांची मुलं पाठवत असाल, तर किती मुलांमागं एक मोठा माणूस आहे, हा पहिला प्रश्न विचारा. बस एसी आहे का, हा नंतर.

पैसे भरायच्या आधी टूरवाल्याकडून काही गोष्टी कागदावर घ्याव्यात. बस गेटवर किती वाजता पोचणार आणि किती वाजता निघणार. तिकिटात वॉटर पार्क धरलंय की फक्त थीम पार्क, कारण बऱ्याचदा दोन्हींचं तिकीट वेगळं असतं आणि पत्रकावर फोटो मात्र दोन्हींचे असतात. दर जीएसटीसह आहे का. थीम पार्कच्या तिकिटावरचा जीएसटी २०१८ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तरी १८ टक्के ही छोटी रक्कम नाही. बसचा नंबर आदल्या दिवशी मागून घ्या आणि एम-परिवहन अॅपवर टाका, फिटनेस आणि विमा चालू आहे की नाही ते लगेच कळतं. कुणी आजारी पडलं तर किती पैसे परत मिळणार, तेही लिहून घ्या. पावती देत नाही म्हणाला तर तिथंच थांबा. पावती असेल आणि ठरलेलं दिलं नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो, मराठीत बोलता येतं.

आणि मुलीची उंची घरीच भिंतीला उभी करून, चपला काढून मोजा. मग पार्काला फोन करून विचारा, एवढ्या उंचीला कुठले पाळणे मिळतील. यादी ऐकून तिलाच ठरवू द्या, यंदा जायचं की दोन बोटं वाढल्यावर.